नारळाचे घर आणि कोलेस्टेरॉलची गोळी : एक प्रकरण अभ्यास

रुग्णाचे वय ५६ वर्षे. राहणे कुडाळ तालुक्यातील एका गावात, नोकरी एसटीमध्ये वाहक म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहाटे छातीत दुखू लागल्याने त्यांना गोव्यातील एका रुग्णालयात नेण्यात आले आणि त्याच दिवशी अँजिओप्लास्टी करून डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत स्टेंट बसवण्यात आला. त्यांच्या थोरल्या भावाचे वयाच्या ४९ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले होते. रुग्णाला मधुमेह नाही, तंबाखू नाही, रक्तदाब किंचित वाढलेला आहे आणि वजन उंचीच्या मानाने सात-आठ किलो जास्त आहे. ओळख पटेल असे इतर तपशील येथे वगळले आहेत. आहारतज्ज्ञ म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटते, कारण आहार आणि औषध यांच्या वाट्याला नेमके किती काम येते हे एकाच माणसाच्या कागदांवर इतक्या स्पष्टपणे वेगळे दिसण्याचा योग क्वचितच येतो.

दाखल झाल्यानंतर पहिल्या चोवीस तासांत घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २२३, एलडीएल (धमन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १४८, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३७ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील वेगळ्या प्रकारची चरबी) १९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असे आकडे होते. पहिल्या चोवीस तासांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही दिवसांतच एलडीएल तात्पुरते खाली येते, त्यामुळे आठवडाभराने केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. घरी सोडताना इतर औषधांबरोबर अटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ‘स्टॅटिन’ वर्गातले औषध) ४० मिलिग्रॅम रोज एक अशी गोळी लिहून दिलेली होती. मे महिन्यात, म्हणजे तीन महिन्यांनी, पुन्हा तपासणी झाली तेव्हा एलडीएल ७६ वर आले होते. या मात्रेच्या गोळीने एलडीएल साधारण निम्म्याने उतरावे अशी अपेक्षा असते आणि १४८ वरून ७६ ही घट जवळजवळ तेवढीच आहे. औषधाने आपले काम चोख केले होते.

अडचण सुरू झाली ती प्रयोगशाळेच्या छापील कागदावरून. त्या कागदावर एलडीएलच्या रांगेत ‘१०० पेक्षा कमी : उत्तम’ असे छापलेले होते आणि ७६ हा आकडा साध्या ठशात, म्हणजे काही गडबड नाही अशा रीतीने आला होता. रुग्णाने तो कागद गावातल्या दोन-तीन जाणत्या माणसांना दाखवला, सर्वांनी ‘नॉर्मल आहे’ म्हणून सांगितले आणि जूनमध्ये त्यांनी गोळी बंद केली. पुढे माझ्यासमोर बसून त्यांनी हे कारण अगदी सरळपणे सांगितले : “रिपोर्ट नॉर्मल इलो, मगे गोळी कित्याक खावची?” त्याला जोड होती पायांच्या पोटऱ्या दुखण्याची. कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू दुखतात हे त्यांनी मोबाइलवर आलेल्या एका चित्रफितीत ऐकले होते. गोळी थांबवताना त्यांनी हयगय मात्र केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. गोळीऐवजी पथ्याने भागवू असा त्यांचा प्रामाणिक निश्चय होता आणि तो त्यांनी सात महिने पाळला. अंडी पूर्ण बंद, मासे बंद, सुंगटे (कोळंबी) तर घरात आणायचीच नाहीत, सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या आणि रात्री भिजवलेल्या मेथीचे पाणी.

जानेवारी २०२५ मध्ये जिना चढताना दम लागल्यासारखे वाटले म्हणून ते पुन्हा हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. ईसीजी आणि इको समाधानकारक होते, पण एलडीएल १३९ होते, एचडीएल ३६ आणि ट्रायग्लिसराइड २१०. सात महिन्यांच्या कडक पथ्याची कमाई १४८ वरून १३९, म्हणजे सुमारे सहा टक्के. याच टप्प्यावर त्यांना माझ्याकडे पाठवण्यात आले.

त्या छापील १०० बद्दल आधी सांगायला हवे, कारण महाराष्ट्रभर कितीतरी गोळ्या त्या एका ओळीमुळे बंद होत असाव्यात अशी माझी भीती आहे. प्रयोगशाळेचा कागद सर्वांसाठी एकच असतो, उद्दिष्ट मात्र माणसागणिक बदलते. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, जुलै २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली त्यांत सर्वसामान्य, कमी जोखमीच्या माणसासाठी एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांसाठी ७० च्या खाली आणि ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे अशा अतिजोखमीच्या रुग्णांसाठी ५५ च्या खाली असे टप्पे दिले आहेत. म्हणजे या रुग्णाच्या बाबतीत ७६ हा आकडा उत्तम तर नव्हताच, उद्दिष्टापासून एकवीसने दूर होता. त्यातच हृदयरोगतज्ज्ञांनी लायपोप्रोटीन-ए या, एलडीएलसारख्याच कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या रक्तातील कणाची तपासणीही करून घेतली. ही आयुष्यात एकदा केली तरी पुरते, कारण तिचा आकडा बहुतांशी आनुवंशिक असतो. तो ६२ आला, आणि ५० च्या वर तो जोखीम वाढवणारा मानला जातो. या घटकावर आहाराचा फारसा इलाज चालत नाही. म्हणूनच जे हातात आहे, म्हणजे एलडीएल, ते अधिक काटेकोरपणे खाली ठेवणे भाग होते. थोरल्या भावाच्या अकाली मृत्यूचा अर्थही या आकड्यामुळे घरच्यांना काहीसा उलगडला.

पायदुखीचा प्रश्न डॉक्टरांनी हसण्यावारी नेला नाही, याचे मला फार समाधान वाटते. स्नायूंना इजा झाल्यास वाढणारे सीपीके तपासले, ते सामान्य होते. थायरॉइड मंद असेल तर एलडीएलही वाढते आणि स्टॅटिनने स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते, म्हणून टीएसएच तपासले, तेही सामान्य निघाले. मग एक साधा प्रश्न विचारला गेला : गोळी बंद असलेल्या सात महिन्यांत पोटऱ्या दुखायच्या थांबल्या का? थोडा विचार करून रुग्णाने सांगितले की नाही, लांबच्या फेरीवर ड्युटी असली की संध्याकाळी दुखतातच. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०२० मध्ये सॅमसन नावाची एक चाचणी प्रसिद्ध केली होती. स्टॅटिनच्या त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना त्यात काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही असे आलटून पालटून ठेवण्यात आले. खऱ्या गोळीवर जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास पोकळ गोळीवरही जाणवला होता. याचा अर्थ त्यांचे दुखणे खोटे होते असा नाही, दुखणे खरेच असते, पण त्याचे कारण प्रत्येक वेळी गोळीतल्या औषधात असतेच असे नाही. स्टॅटिनने खरोखर स्नायूंना त्रास होणारे रुग्णही असतात आणि त्यांच्यासाठी मात्रा कमी करणे, दुसरे स्टॅटिन देणे किंवा वेगळ्या वर्गातले औषध देणे असे मार्ग डॉक्टरांकडे असतात. स्वतःहून गोळी सोडणे हा त्यांतला मार्ग नव्हे. येथे तीच गोळी, त्याच मात्रेत पुन्हा सुरू झाली.

मात्रा तीच ठेवली गेल्याने या प्रकरणाला एक वेगळे मोल आले. याच गोळीवर, याच मात्रेवर, जुन्या जेवणासकट या माणसाचे एलडीएल किती असते याचे उत्तर मे २०२४ च्या कागदावर आधीच होते : ७६. आता आहार बदलून तीन महिन्यांनी जो आकडा येईल, त्यातला फरक प्रामुख्याने जेवणाचा असेल, असे म्हणता येणार होते.

जेवणाचा हिशेब

घरात चार माणसे : रुग्ण, त्यांच्या पत्नी, २८ वर्षांचा मुलगा आणि सून. स्वयंपाक प्रामुख्याने पत्नी करतात, त्यामुळे पहिल्या भेटीत मी रुग्णापेक्षा त्यांच्याशीच अधिक बोलले. काय खाता असे विचारण्याऐवजी महिन्याला दुकानातून आणि परसातून काय-काय घरात येते ते विचारले. माझा अनुभव असा की माणसे खाल्लेले विसरतात, विकत आणलेले विसरत नाहीत.

रोज एक नारळ फुटतो. घरची झाडे आहेत, त्यामुळे त्याला पैसे मोजावे लागत नाहीत आणि म्हणून तो मोजलाही जात नाही. आमटीला वाटप, उसळीला वाटप, भाजीवर चव, दुपारी सोलकढी आणि कधी रात्रीही. तेल महिन्याला तीन लिटर पामोलिन. म्हशीचे दूध, त्यातले रुग्णाच्या वाट्याला चहा आणि रात्रीच्या पेल्यातून सुमारे ३०० मिलिलिटर. ड्युटीवर असताना चहाबरोबर खारी, बटर नाहीतर नानकटाई.

आता यातला संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) मोजू. एका मध्यम नारळाचा किस ३०० ग्रॅम धरला तर माणशी ७५ ग्रॅम होतो. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३३ ग्रॅम मेद असतो आणि त्यातला जवळजवळ ३० ग्रॅम संपृक्त असतो. रस काढून टाकलेल्या चोथ्यात राहणारा भाग वजा केला तरी नारळातून रोज १८ ते २० ग्रॅम संपृक्त मेद पोटात जात होता. म्हशीच्या दुधातून आणखी १२ ग्रॅम. पामोलिनमधील चाळीस टक्क्यांहून अधिक मेद संपृक्त असतो, तो माणशी १० ग्रॅमच्या आसपास. बेकरीचे पदार्थ सोडूनही बेरीज ४० च्या पुढे जाते. या रुग्णाची दिवसाची गरज सुमारे १९०० कॅलरी. हृदयविकाराच्या रुग्णाने संपृक्त मेद एकूण ऊर्जेच्या सात टक्क्यांच्या आत ठेवावा असा सल्ला दिला जातो, म्हणजे दिवसाला १५ ग्रॅम. एकट्या नारळानेच ती मर्यादा ओलांडली होती.

आणि या घरात बंद काय झाले होते? अंडी आणि मासे. अंड्याच्या बलकात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते हे खरे, सुंगटांतही ते भरपूर असते, पण रक्तातील एलडीएल वाढवण्यात जेवणातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त मेदाचा हात बहुतेकांमध्ये कितीतरी मोठा असतो. रुग्णाच्या पत्नींनी तेव्हा जो प्रश्न विचारला तो रास्तच होता : नारळात तर कोलेस्टेरॉल नसते असे सगळेच सांगतात, ते खोटे का? ते खोटे नाही. वनस्पतिजन्य कुठल्याच पदार्थात ते म्हणण्याजोगे नसते. पण यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएल ओढून घेणारे ग्राही असतात आणि संपृक्त मेद वाढला की त्यांचे काम मंदावते, त्यामुळे एलडीएल रक्तातच रेंगाळते. कोलेस्टेरॉल बाहेरून आले नाही तरी आतले साठत जाते. खोबरेल तेलावरील अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२० मध्ये झाले, त्यात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी दहा मिलिग्रॅमने अधिक राहिल्याचे दिसले. एचडीएलही थोडे वाढले, पण त्या वाढीने हृदय सुरक्षित राहते याला आधार सापडलेला नाही.

आपले आजे-पणजे जन्मभर नारळ खाऊन नव्वदी गाठत होते, हा युक्तिवाद कोकणात प्रत्येक घरी ऐकू येतो आणि तो तुच्छ मानू नये. प्रशांत महासागरातील टोकेलाऊ आणि पुकापुका या बेटांवर अशाच समाजांचा अभ्यास झालेला आहे. टोकेलाऊच्या लोकांना निम्म्याहून अधिक ऊर्जा नारळातून मिळत होती, पुकापुकाच्या लोकांना त्याहून बरीच कमी, आणि टोकेलाऊच्या लोकांचे कोलेस्टेरॉल त्या प्रमाणात अधिकच होते. तरी तिथे हृदयविकार कमी आढळला. ते मासे आणि कंद खात, साखर जवळपास नव्हती, अंगमेहनत अखंड होती. आमच्या रुग्णाच्या आज्याच्या दिनक्रमाविषयीही असेच काही म्हणता येईल. परंतु स्टेंट बसलेल्या, दिवसभर गाडीत उभे राहणाऱ्या आणि दर थांब्यावर साखरेचा चहा घेणाऱ्या माणसाला आज्याच्या नारळाचा दाखला देता येत नाही.

काय बदलले

“नारळ नाय तर जेवान कसला?” हे रुग्णाच्या पत्नींचे वाक्य मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून घेतले होते, कारण योजनेचे यश त्याच्या उत्तरावर अवलंबून होते. नारळ बंद करा असे सांगितले असते तर तो आठवडाभर बंद झाला असता. ठरले असे की एक नारळ तीन दिवस पुरवायचा. त्यामुळे माणशी वाटा २५ ग्रॅमवर आणि संपृक्त मेद सात ग्रॅमच्या आसपास येतो. यासाठी परकी पाककृती शोधावी लागली नाही, मालवणी स्वयंपाकातच नारळाविना होणारे पुष्कळ काही आहे आणि ते नारळ मुबलक झाल्याने मागे पडले आहे. दुपारच्या सोलकढीच्या जागी नारळाचा रस न घालता केलेली, हिंग-मोहरीची फोडणी दिलेली फुटी कढी आली. कुळथाची पिठी आठवड्यातून तीनदा झाली. काळ्या वाटाण्याच्या उसळीचे वाटप भाजलेला कांदा, धणे, थोडी भाजलेली चणाडाळ आणि चवीपुरते खोबरे असे होऊ लागले. रंग आणि दाटपणा त्याने टिकतो हे पत्नींनी स्वतः करून पाहून मला सांगितले. बांगडा परत आला, पण नारळाच्या हुमणात नव्हे तर तिरफळ घातलेल्या तिखल्यात. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, तव्यावर किंवा कालवणात, तळून नाही. या माशांतील ओमेगा-३ मेदाने एलडीएल उतरत नाही, ट्रायग्लिसराइड उतरायला मात्र मदत होते आणि या रुग्णाला तीही गरज होती. अंड्यांवरील पूर्ण बंदी उठवून आठवड्याला तीन-चार अंडी चालतील असे सांगितले.

म्हशीच्या दुधाऐवजी डबल टोन्ड दूध. त्यात मेद दीड टक्का असतो, फुल क्रीममध्ये सहा. चहाला चव येत नाही ही तक्रार पंधरा दिवस होती, नंतर ती कानावर आली नाही. पामोलिनऐवजी शेंगदाण्याचे तेल, महिन्याला अडीच लिटरच्या आत. खारी आणि नानकटाईच्या जागी डब्यात भाजलेले शेंगदाणे आणि चणे. तेलातूपातील ट्रान्स मेदावर (वनस्पती तूप बनवताना तयार होणाऱ्या घातक मेदावर) अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ही फार मोलाची सुधारणा आहे, पण ट्रान्स मेद कमी झाला म्हणून खारीतला संपृक्त मेद कमी होत नाही. भात दोन्ही वेळचा होता तो दुपारपुरता ठेवून रात्री नाचणीची भाकरी आली, आणि चहातली साखर अर्ध्यावर आली. ट्रायग्लिसराइड २१० असलेल्या माणसात पिष्ट आणि साखरेकडे दुर्लक्ष केले तर तेला-नारळाची सगळी मेहनत अर्धवट राहते.

सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित भाग इसबगोलचा. सकाळी आणि रात्रीच्या जेवणाआधी पाच-पाच ग्रॅम, मोठ्या पेल्याभर पाण्यातून लगेच प्यायचे. इसबगोल बद्धकोष्ठतेचे म्हणून घरोघरी असते, पण त्यातील विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू आतड्यात पित्ताम्लांना, म्हणजे मेद पचवण्यासाठी यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते त्या आम्लांना, धरून ठेवून बाहेर नेतात. एरवी ही पित्ताम्ले जवळजवळ ९५ टक्के परत शोषली जाऊन यकृताकडे जातात. ती कमी परतली की यकृताला नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी कोलेस्टेरॉल लागते आणि ते रक्तातून ओढले जाते. रोज सुमारे दहा ग्रॅम इसबगोलाने एलडीएल साधारण सात टक्क्यांनी उतरते. स्टॅटिनबरोबर इसबगोल दिलेल्या चाचण्यांचे जे एकत्रित विश्लेषण झाले त्यात ही भर स्टॅटिनची मात्रा दुप्पट केल्याइतकी भरली. त्यात नवल नाही, कारण स्टॅटिनची मात्रा दुप्पट केल्याने एलडीएलमध्ये पडणारी आणखी घट फक्त सहा टक्क्यांच्या आसपास असते. एक पथ्य मात्र पाळावे लागते : इसबगोल आणि गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या नाहीत, मध्ये किमान दोन तास जाऊ द्यायचे, नाहीतर औषधाच्या शोषणात अडथळा येऊ शकतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर चार तासांचे अंतर ठेवावे.

अटोरव्हास्टॅटिनच्या संदर्भात आणखी एक गोष्ट कोकणात आवर्जून सांगावी लागते. ग्रेपफ्रूटमधील काही घटक हे औषध निकामी करणाऱ्या आतड्यातील विकराला (एन्झाइमला) अडवतात आणि रक्तातील औषधाची पातळी वाढते. पपनस त्याच कुळातले, तेच घटक असलेले फळ आहे आणि गणपतीच्या दिवसांत ते घरोघरी असते. एखादी फोड प्रसाद म्हणून खाल्ल्याने अनर्थ होत नाही, पण अख्खी फळे रोज खाऊ नयेत. लसणाच्या दोन पाकळ्या चालू ठेवायला माझी हरकत नव्हती. लसणाच्या तीव्र अर्काच्या कॅप्सूल मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर नकोत, आणि नातेवाइकांनी सुचवलेली लाल यीस्टच्या तांदळाची ‘नैसर्गिक’ गोळी तर मुळीच नको, कारण तिच्यात असणारे मोनाकोलिन-के म्हणजे लोव्हास्टॅटिनच आहे. एका स्टॅटिनवर दुसरे स्टॅटिन, तेही न मोजलेले, असा तो प्रकार होतो.

आकडे काय सांगतात

एप्रिल २०२५ च्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल १२८, एलडीएल ६३, एचडीएल ३९, ट्रायग्लिसराइड १३० आले. वजन साडेतीन किलोने उतरले होते. त्याच गोळीवर जुन्या जेवणासह ७६ आणि बदललेल्या जेवणासह ६३, म्हणजे सतरा टक्क्यांची अधिक घट. यातला थोडा भाग वजन कमी होण्याचा असेल आणि एकाच माणसाचे एलडीएल दोन तपासण्यांत काही टक्के आपोआपही हलते, त्यामुळे सतराचा आकडा दगडावरची रेघ समजू नये. तरीही तो अपेक्षेशी जुळतो. टोरंटोचे डेव्हिड जेंकिन्स यांनी २००३ मध्ये दाखवले होते की ओट्स-बार्लीसारखे विद्राव्य तंतू, सोया, बदाम आणि वनस्पती स्टेरॉल यांचा एकत्रित आहार महिनाभर काटेकोरपणे दिला तर एलडीएल २८.६ टक्क्यांनी उतरते आणि लोव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमने ३०.९ टक्क्यांनी. ‘आहार गोळीइतकाच प्रभावी’ हे वाक्य या प्रयोगाच्या आधाराने पुष्कळ फिरले. पण ती मात्रा आजच्या हिशेबाने सौम्य होती आणि जेवण संशोधकांनी मोजून पुरवले होते. त्याच संशोधकांनी २०११ मध्ये कॅनडात ३५१ जणांना तोच आहार केवळ सल्ल्याच्या रूपाने, आपापल्या घरी करायला सांगितला तेव्हा सहा महिन्यांतली घट सुमारे १३ टक्के होती. घरातल्या चुलीवर आहाराची खरी ताकद तेरा ते सतरा टक्क्यांच्या आसपासच असते असे मला वाटते, आणि ती कमी नाही. पण १४८ वरून ५५ च्या खाली जायचे तर बासष्ट-त्रेसष्ट टक्के उतरावे लागते.

म्हणून ६३ आल्यावर पुन्हा निर्णयाचा क्षण आला. रुग्णाची साहजिक अपेक्षा होती की आता इतके उतरले तर गोळी निम्मी होईल. डॉक्टरांनी उलट एझेटिमाइब १० मिलिग्रॅमची भर घातली आणि आमच्या रुग्णाचा चेहरा उतरला. इतकी मेहनत करूनही गोळी वाढली, म्हणजे मेहनत फुकट गेली असे त्यांना वाटले. या गैरसमजावर मी त्या भेटीतला बहुतेक वेळ दिला. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणे रोखते आणि त्यामुळे यकृत आपले ग्राही वाढवून रक्तातले एलडीएल ओढून घेते. हे ग्राही ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी शोधले आणि त्यासाठी त्यांना १९८५ मध्ये नोबेल मिळाले. संपृक्त मेद कमी केल्याने त्या ग्राहींच्या कामातली आडकाठी दूर होते, इसबगोल पित्ताम्लांच्या वाटेने ओढ वाढवते, तर एझेटिमाइब आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण अडवते. वाटा वेगळ्या असल्यामुळेच ही कामे एकमेकांत भरत जातात, एकामुळे दुसरे अनावश्यक ठरत नाही. त्यांनी जेवण बदलले नसते तर डॉक्टरांना ७६ वरून सुरुवात करावी लागली असती. एझेटिमाइब एलडीएल साधारण वीस ते पंचवीस टक्क्यांनी उतरवते, म्हणजे ७६ चे जेमतेम ५९ झाले असते आणि उद्दिष्ट तरीही हुकले असते. ६३ वरून मात्र ते गाठता येण्याजोगे होते. हे गणित त्यांच्याच वहीत, त्यांच्याच हाताने मांडायला लावले. आयुष्यभर तिकिटांचा हिशेब केलेल्या माणसाला ते लगेच पटले.

जुलै २०२५ मध्ये एलडीएल ४९, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १२५ आणि एकूण ११४ आले. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केल्यावर उरणारा ७४ हा आकडाही अतिजोखमीच्या रुग्णांसाठीच्या ८५ या मर्यादेच्या आत आहे. यकृताच्या तपासण्या सामान्य आहेत. गोळ्यांच्या पाकिटावर तारखा लिहिण्याची सवय त्यांनी लावून घेतली आहे आणि ‘नॉर्मल’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून आल्याशिवाय गोळीत बदल करायचा नाही हे घरात सर्वांना ठाऊक आहे. ४९ हा आकडा गोळ्या चालू असल्यामुळे ४९ आहे. त्या थांबल्या तर काही आठवड्यांत तो पुन्हा शंभराच्या पुढे जाईल, आणि हे २०२४ च्या जूननंतर त्यांच्याच शरीरात घडून गेले आहे.

गणपतीचे पाच दिवस कसे काढायचे हा प्रश्न जुलैच्या भेटीत पत्नींनीच काढला. उकडीच्या मोदकांना नारळ लागणारच आणि तो लागावा. सणाच्या या पाच दिवसांमुळे एलडीएलचे वर्षभराचे चित्र बदलत नाही, रोजच्या वाटपाने बदलते. त्या दिवसांत वाटप-सोलकढी टाळून नारळ मोदकांसाठी राखायचा, इसबगोल आणि गोळ्या एकाही दिवशी चुकवायच्या नाहीत, एवढेच ठरले.

एक काम अजून चालू आहे. लायपोप्रोटीन-ए आनुवंशिक असल्याने मुलाचीही तपासणी करून घेतली. त्याचा हा आकडा ५५ आणि एलडीएल १३१ निघाले. वय २८, लक्षणे काही नाहीत, स्वयंपाकघर मात्र तेच. डॉक्टरांनी त्याला तूर्त गोळी दिलेली नाही. वडिलांसाठी बदललेले जेवण तो घरी जेवतोच, पण दुपारी तो कामाच्या ठिकाणी बाहेरचे खातो, त्यामुळे त्याचा डबा सुरू करून सहा महिन्यांनी पुन्हा एलडीएल पाहायचे आणि तेव्हाच्या आकड्यावरून औषधाचा विचार करायचा असे ठरले आहे.